चावी दिली, डिपॉझिट अडकलं

प्रश्न : सावेडीत अकरा महिन्यांच्या करारावर राहत होतो. चावी देऊन दीड महिना झाला, तरी 30,000 रुपयांचं डिपॉझिट मिळालेलं नाही. मालक म्हणतात, रंगकामाला खर्च आला, बाकीचं एजंटला विचारा. करार फक्त नोटरी केलेला आहे. आता माझी बाजू लंगडी पडते का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : पडत नाही. करार रजिस्टर नाही म्हणजे आपणच अडकलो, असं बहुतेक भाडेकरूंना वाटतं. कायदा मात्र मालकाला जबाबदार धरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेणं हे मालकाचं काम. ती नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते चुकीचं असेल तर मालकानं तसं सिद्ध करायचं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षाही त्यालाच आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज 1908 च्या नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून पसरला. आपल्या राज्यात तो चालत नाही.

आता रंगाचं. माणसं राहिली की भिंत मळते, नळावर क्षार चढतात, खिळ्यांची भोकं राहतात. ही रोजच्या वापराची झीज. तिचे पैसे भाडेकरूनं भरायचे नसतात. फुटलेलं बेसिन किंवा थकलेलं वीजबिल असेल, तर तेवढी वजावट रास्त आहे. मात्र रंगाचा खर्च तुमच्यावर राहील असं करारात लिहिलेलं असेल, तर तुम्ही त्याला बांधील आहात, म्हणून तो कागद आधी नीट वाचा. वजावटीचं बिल मागायला अजिबात संकोचू नका.

एजंटचा मुद्दा त्याहून सोपा. डिपॉझिट घेणारा म्हणून करारात मालकाचं नाव आणि सही असेल, तर पैसे कोणाच्या हातून गेले हा त्या दोघांमधला हिशेब. तुमचं येणं मालकाकडून.

फोन पुरे झाले, आता लेखी नोटीस द्या. रक्कम, चावी दिल्याची तारीख आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा, आणि ‘त्यानंतर व्याज मागू’ हे वाक्य विसरू नका. करारात व्याजाचा उल्लेख नसला, तरी 1978 च्या व्याज कायद्याप्रमाणे अशा लेखी मागणीपासूनचं व्याज न्यायालय देऊ शकतं. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा.

पोलीस ठाण्यात गेलात, तर ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून बहुधा परत पाठवतील, आणि साध्या थकबाकीत त्यांचं ते बरोबर आहे. त्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीचा अर्ज द्या. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं, कोर्ट फी लागत नाही आणि अपीलही होत नाही. अडचण एवढीच की तडजोडीला मालक तयार हवा. तो आलाच नाही, तर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबू नका. डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद आणि चावी दिल्याचा मेसेज आजच प्रिंट काढून ठेवा.