तेरा मात्रा आणि डोळ्यांतलं पाणी

जरीपटका, नागपूर

चि. छोटू,

तुझ्या बँडमध्ये वाद पेटल्याचं ताईकडून कळलं. अर्धी पोरं म्हणतात, प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे गणिताचा तास: मात्रा मोजा, बोटं पळवा, मन कोरडंच. उरलेल्यांना जे अवघड तेच थोर वाटतं. काऊन रे बाप्पा, या भांडणाचा निकाल नागपूरच्या माणसांनी कधीच लावून ठेवलाय!

पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर नागपूरचे. त्यांचं 'कट्यार काळजात घुसली' 1967 साली रंगभूमीवर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा जन्म 1920चा, मूर्तिजापूरचा. नागपुरात ते शंकरराव सप्र्यांकडे शिकले. पुढे लाहोरचे असद अली खाँ, सुरेशबाबू माने, भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ अशा अनेकांकडून त्यांनी विद्या घेतली. एकाच घराण्याचा शिक्का काही लावून घेतला नाही. सिव्हिल लाइन्सच्या सभागृहाला आज त्यांचंच नाव आहे.

त्या नाटकात 'घेई छंद मकरंद' हे एकच पद पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांच्या दोन गायकींत येतं. पंडितजींचं संथ, शब्दांना गोंजारत जाणारं. खाँसाहेबांचं तानांनी सळसळणारं, श्वासाची परीक्षा पाहणारं. दोन्ही लागोपाठ ऐक. वसंतरावांची तान गुंतागुंतीची आहे म्हणून ती कोरडी झाली, असं कुणाला म्हणता येईल का? खाँसाहेबांचा अहंकार, त्यांची ईर्षा, त्यांचं सुरांवरचं वेड हे सगळं त्या फिरतीतूनच कळतं. तान काढून टाकली तर ते पात्रच उरत नाही.

आता तुझ्या मुलखात येऊ. किंग क्रिमसन या इंग्लिश बँडच्या 1974च्या 'रेड' या अल्बममध्ये 'स्टारलेस' ही बारा मिनिटांवरची रचना आहे. सुरुवात मेलोट्रॉन या वाद्याच्या उदास सुरावटीने. मग संथ, हताश गाणं. ते संपलं की बेस 13 मात्रांचं आवर्तन धरतो आणि रॉबर्ट फ्रिपची गिटार जवळजवळ एकच स्वर छेडत राहते. मिनिटं जातात. स्वर हळूच एक पायरी चढतो, ड्रम्स दाटत जातात, ऐकणाऱ्याची मान आखडते. तेरावी मात्रा दरवेळी पायाखालची फरशी थोडी सरकवते, त्यामुळे टेकायला जागाच मिळत नाही. मग सारं दुप्पट वेगाने उसळतं, आणि शेवटी सुरुवातीची ती सुरावट सॅक्सोफोनवर परतते. डोळ्यांत पाणी येतं ते तिथे. मधली अवघड वाट गाळली असती, तर तीच सुरावट नुसती गोड वाटली असती.

पण दुसऱ्या गटानेही हुरळून जायचं कारण नाही. पिंक फ्लॉइड या बँडचं 1973चं 'मनी' हे गाणं आपल्या रूपक तालासारखं 7 मात्रांत चालतं. गिटारची सोलो आली की मात्र तेच लोक सरळ 4 मात्रांवर येतात, कारण तिथे वादकाला मोकळं धावायचं असतं. त्यांच्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'मध्ये तर गिटारवादक डेव्हिड गिल्मूरचे चार स्वर पुरतात. मानसिक आजाराने बँडपासून तुटलेल्या सिड बॅरेटवरची ही रचना. 1975 साली तिचं काम चालू असताना तो अचानक स्टुडिओत आला आणि जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही.

तेव्हा तुझ्या नव्या रचनेचं असं कर. जिथे जिथे मात्रा बदलतात, तिथे वहीत लिही: हा बदल कशासाठी? ऐकणाऱ्याला अस्वस्थ करायला, थांबवून धरायला की मोकळं सोडायला? उत्तर 'भारी वाटतं म्हणून' असेल तर तो तुकडा काप. उरलेले इतके घोटा, की वाजवताना कुणाचे ओठ आकडे पुटपुटणार नाहीत. ड्रमरला तबल्याच्या एखाद्या गुरुजींकडे पाठव. विषम मात्रा त्यांच्या रोजच्या रियाजातल्या. मुंबईच्या कोशिश बँडचा 2013चा 'फिरदौस' अल्बमही ऐका, म्हणजे हिंदी शब्द अशा चालींत कसे बसवतात ते कळेल.

दिवाळीत येशील तेव्हा गिटार आण. मामा मात्रा मोजणार नाही, पण ताईला मधल्या भागात स्वयंपाकघरात जावंसं वाटलं, तर तो भाग पुन्हा लिहायचा.

तुझा,
मामा