सामायिक आज्ञासंग्रह : रचना आणि उपयोग

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशी येथे नागेशभट्ट काळे हे महाराष्ट्रीय वैयाकरण होऊन गेले. नागोजीभट्ट या नावानेही ते ओळखले जातात. त्यांच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात शब्द कसे सिद्ध करावेत याचे नियम मुख्यत्वे नाहीत. ते नियम कसे वाचावेत, कोठे लावावेत आणि दोन नियमांत विरोध आल्यास कोणता बलवान मानावा, याविषयीची शंभराहून अधिक सामान्य सूत्रे तेथे विवेचिली आहेत. अशा सूत्राला ‘परिभाषा’ म्हणतात. ती एका प्रकरणापुरती नसते. आवश्यक तेथे सर्वत्र उपयोगी पडते. आजच्या संगणकशास्त्रातील एक महत्त्वाचा विषय समजून घेण्यास हे उदाहरण फार साहाय्यक आहे.

एकच काम, अनेक ठिकाणी

संगणकाकडून काम करून घेण्यासाठी क्रमवार लिहिलेल्या आज्ञांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. शाळेचा निकाल तयार करणारी, ग्रंथालयाची सूची सांभाळणारी आणि रेल्वेचे आरक्षण करणारी या तिन्ही आज्ञावल्या परस्परांहून अगदी भिन्न होत. तथापि नावापुढील रिकामी जागा काढणे, तारीख ग्राह्य आहे की नाही हे तपासणे, यादी अनुक्रमाने लावणे, तीतील एखादी नोंद शोधणे ही लहान कामे तिन्हींत करावी लागतात.

ती प्रत्येक वेळी नव्याने लिहिली तर श्रम वाया जातात, ही गोष्ट उघडच आहे. परंतु खरी हानी निराळीच आहे. दहा ठिकाणी दहा प्रती असल्या, की एका ठिकाणची चूक दुरुस्त झाली तरी उरलेल्या नऊ ठिकाणी ती तशीच राहते. म्हणून असे काम एकदाच नीट लिहावे, त्यास नाव द्यावे, आणि पुढे केवळ नावाने त्यास पाचारण करावे. अशा तयार भागांच्या साठ्यास संगणकतज्ज्ञ ‘लायब्ररी’ म्हणतात. आपण त्यास आज्ञासंग्रह म्हणू.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक १९४९ साली सुरू झाला. त्याच्यासाठी लिहिलेले तयार भाग छिद्रित कागदी फितींवर उतरवून जपून ठेवीत. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली होती. त्याच वर्षी विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

पाणिनीची काटकसर

पाणिनीच्या व्याकरणात सुमारे चार हजार सूत्रे आहेत. इतक्या थोडक्यात संस्कृत भाषा कशी मावली? त्याचे एक कारण असे, की वारंवार लागणारे समूह त्याने आरंभीच नावाने बांधून ठेवले. चौदा माहेश्वर सूत्रांच्या आधारे ‘अच्’ म्हटले की सर्व स्वर, ‘इक्’ म्हटले की इ, उ, ऋ, ऌ आणि ‘यण्’ म्हटले की य, व, र, ल यांचा बोध होतो. मग इक् पुढे अच् आल्यास इक्‌च्या जागी यण् होतो, एवढे एकदा सांगणे पुरते. प्रति + एक = प्रत्येक, सु + आगत = स्वागत, पितृ + आज्ञा = पित्राज्ञा ही सर्व रूपे त्या एकाच नियमाने सिद्ध होतात.

परंतु रवि + इंद्र येथे काय करावे? येथेही इ-पुढे स्वरच आहे. तरीही रूप ‘रवींद्र’ असे होते. समान स्वर जोडीने आल्यास दीर्घ स्वर होतो, असा विशेष नियम येथे लागू पडतो. सामान्य नियमाहून अपवाद बलवान, ही परिभाषा असल्याने गोंधळ होत नाही. नियमांचा साठा केवळ असून भागत नाही. त्यांच्या वापराचे नियमही स्पष्ट असावे लागतात, हा यातील बोध होय.

संग्रह कसा रचावा

१. एका भागाने एकच काम करावे. तारीख तपासणारा भाग ती छापूही लागला, तर ज्यास केवळ तपासणी हवी त्याला तो निरुपयोगी ठरतो.

२. नाव कामाचे यथार्थ दर्शन घडविणारे असावे.

३. अटी स्पष्ट लिहाव्यात. संख्यांची सरासरी काढणारा भाग घ्या. बेरजेस संख्यांच्या गणतीने भागले की सरासरी मिळते. पण यादी रिकामी असेल तर? शून्याने भागता येत नाही. अशा वेळी काय होईल, हे रचनाकाराने आधीच ठरवून सांगितले पाहिजे.

४. परीक्षा सीमेवर घ्यावी. पाच संख्यांची यादी घेऊन उत्तर बरोबर आले, याने फारसे सिद्ध होत नाही. रिकामी यादी, एकाच नोंदीची यादी, अतिशय मोठी यादी यांवर पारख करावी.

५. एकदा दिलेले वचन सहसा बदलू नये. कारण त्यावर किती जण विसंबून आहेत, हे रचनाकारास ठाऊक नसते.

एक बोधप्रद चूक

काशी हिंदु विश्वविद्यालयाच्या सयाजीराव गायकवाड ग्रंथालयासारख्या मोठ्या ग्रंथालयाची अकारविल्हे लावलेली सूची डोळ्यांपुढे आणा. ग्रंथ शोधताना प्रथम बरोबर मधली नोंद पाहावी; हवे ते नाव तिच्या आधी येते की नंतर, हे ठरवून अर्धी सूची सोडून द्यावी; उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तसेच करावे. दहा लाख नोंदी असल्या तरी जास्तीत जास्त २० तुलनांत शोध पूर्ण होतो.

जावा या संगणकभाषेच्या आज्ञासंग्रहात ही युक्ती अंतर्भूत होती. मधले स्थान काढण्यासाठी पहिले व शेवटचे स्थान यांची बेरीज करून ती निम्मी केली जाई. गणित निर्दोष दिसते. परंतु त्या भाषेतील साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ एवढी आहे. शोध १२० कोटी व १३० कोटी या स्थानांमध्ये चालला असेल तर बेरीज २५० कोटी होते; ती मर्यादेत न मावल्याने संगणक तिच्याऐवजी −१,७९,४९,६७,२९६ ही ऋण संख्या धरतो, आणि शोध कोसळतो. त्या भागाचे लेखक जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच २००६ साली हा दोष प्रसिद्धपणे सांगितला. उपाय सोपा होता : दोन स्थानांतील अंतर निम्मे करून ते पहिल्या स्थानात मिळवावे. १२० कोटी अधिक ५ कोटी, म्हणजे १२५ कोटी; बेरीज कोठेच मर्यादा ओलांडीत नाही.

कित्येक वर्षे हा दोष लपून राहिला, कारण एवढ्या मोठ्या याद्या पूर्वी कोणी वापरीत नसे. मात्र दुरुस्ती एका जागी झाली आणि नवी आवृत्ती घेणाऱ्या सर्वांस ती मिळाली. सामायिक संग्रहाचा धोका आणि लाभ दोन्ही या एका प्रसंगात दिसतात.

वापरणाऱ्याचे कर्तव्य

तयार भाग घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्यातील एक भाग एरियन-४ मधून जसाच्या तसा घेतला होता. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक होता. त्यापासून निघालेली संख्या ३२,७६७ या मर्यादेत मावली नाही. भाग जुन्या जागी बरोबर होता. नव्या जागी त्याची अट पाळली गेली नाही.

उलट, क्षुल्लक कामासाठी परक्यावर विसंबणेही इष्ट नव्हे. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा भाग त्याच्या लेखकाने सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला, आणि जगभरातील असंख्य आज्ञावल्यांची बांधणी अडून पडली. काही तासांतच तो परत ठेवावा लागला.

नागेशभट्टांनी केवळ परिभाषा गोळा केल्या नाहीत. प्रत्येकीस आधार काय, ती वाचून कोणते रूप अडते, हे त्यांनी तपासले. आणि ज्यांना महाभाष्याचा आधार सापडला नाही त्या स्पष्टपणे त्याज्य ठरविल्या. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक कीलहॉर्न यांनी हा ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह संपादित केला, तो अशा कसून केलेल्या परीक्षणामुळेच अभ्यासकांस आजही उपयोगी पडतो. आज्ञासंग्रहाचेही तसेच आहे. त्यात किती भाग आहेत यापेक्षा प्रत्येक भाग कोणत्या अटीवर खरा आहे, हे सांगता येणे महत्त्वाचे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मर्यादा १०० असलेल्या यंत्रात ७० व ९० यांच्या मधले स्थान कोणत्या रीतीने काढाल? का?

२. ‘अति + अंत’ आणि ‘मुनि + ईश’ यांस कोणता नियम लागतो, ते कारणासह लिहा.

३. तारीख ग्राह्य आहे की नाही हे सांगणाऱ्या भागाची परीक्षा घेण्यासाठी पाच तारखा निवडा आणि प्रत्येकीचे प्रयोजन सांगा.