गावाचे आरोग्य, गावाचा कारभार

नागपूर शहराच्या पूर्वेस कळमना येथे कृषि उत्पन्न बाजार समितीचे मोठे आवार आहे. काटोल, नरखेड व कळमेश्वर भागांतील संत्री, भिवापूरकडील मिरची आणि आसपासच्या तालुक्यांतील धान्य व कडधान्ये येथे विक्रीस येतात. मालाची प्रत पाहिली जाते, लिलाव होतो, वजन होते आणि हिशेबपट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. वजनात किलोभर फरक पडला तरी शेतकरी तो सहन करीत नाही, आणि ते योग्यच आहे.

परंतु मालाच्या बाबतीत एवढा दक्ष असलेला हाच शेतकरी आपल्या घरच्या व गावच्या आरोग्याचा हिशेब क्वचितच ठेवतो. गावात गेल्या वर्षी किती बालके जन्मली, त्यांपैकी किती दगावली, किती बालकांचे जन्मतःच वजन घेतले गेले, विहिरीचे पाणी केव्हा तपासले गेले, या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत फारसे कोणी देऊ शकत नाही. आजारपण आले म्हणजे बाजारातून घरी आलेला पैसा दवाखान्यात जातो. तो न पुरल्यास कर्ज काढावे लागते, प्रसंगी बैलजोडी वा जमीन विकावी लागते. पुढच्या हंगामाचे बियाणे व खत त्या खर्चात अडकते. म्हणून आरोग्य हा शेतीहून वेगळा विषय नव्हे, तो शेतीच्या भांडवलाचाच एक भाग आहे.

आजारपण हे ज्याच्या त्याच्या घरचे दुर्दैव होय, अशी एक समजूत रूढ आहे. ती बरोबर नाही. विहीर दूषित झाली तर हगवण घर पाहून येत नाही. वस्तीतील गटार तुंबले तर डास सर्वांनाच चावतात. रोगाचे कारण सामायिक असेल तर उपायही सामायिकच असावा लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्यासाठी स्वतंत्र अध्याय योजिला, त्यामागील विचार हाच आहे. हा विचार प्रत्यक्षात कसा आणावयाचा, हे महाराष्ट्रातील तीन ठिकाणांच्या कार्यावरून शिकता येते. त्यांपैकी दोन विदर्भातीलच आहेत.

जामखेड : शेतकरी मंडळातून आरोग्याकडे

अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील) जामखेड हा अवर्षणप्रवण तालुका. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक रोग्यांचे आजार गावातच टाळता येण्याजोगे आहेत, आणि बरा होऊन गेलेला रोगी त्याच दूषित पाण्याकडे व त्याच अर्धपोटी जीवनाकडे परत जातो, हे त्यांनी पूर्वीच्या अनुभवावरून जाणले होते.

गावकऱ्यांशी बोलताना असे दिसून आले की, लोकांना प्रथम औषधे नको होती. त्यांना पाणी व अन्न हवे होते. तेव्हा कामाची सुरुवात तेथूनच झाली. गावोगावी शेतकरी मंडळे स्थापन झाली. विहिरी व कूपनलिका, वृक्षलागवड, मृद्संधारण, बालकांसाठी आहार ही कामे मंडळांनी अंगावर घेतली. पुढे महिला मंडळे उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात घेतलेल्या कूपनलिकांपैकी अनेक दलित वस्तीत घेतल्या गेल्या; पाण्यासाठी सर्व गावाला तेथे जावे लागले आणि पाण्यावरील शिवाशिव सैल होण्यास मदत झाली.

याच गावांतून आरोग्यसेविका निवडल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ स्त्रिया निरक्षर वा अल्पशिक्षित होत्या, आणि अनेक दलित समाजातील होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत व शिकत. गरोदर स्त्रियांची देखभाल, बालकांचे वजन, लसीकरण, हगवणीवरील उपचार, कुष्ठरोग व क्षयरोग यांची लक्षणे ओळखणे, हे त्यांनी आत्मसात केले. कार्यक्षेत्रातील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ होते. १९९६ पर्यंत ते २६ वर आले. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सेवाग्राम : ज्वारीच्या रूपाने वर्गणी

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नय्यर यांनी उभारलेल्या कस्तुरबा रुग्णालयाच्या आधारावर १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते व तेथील कुटुंबांची पाहणी करते.

या संस्थेच्या आसपासच्या गावांत डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास एक योजना सुरू केली. तिचे तत्त्व शेतकऱ्यास सहज समजेल असे आहे. पीक घरात आले म्हणजे प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावी. ज्याची शेती मोठी त्याने अधिक द्यावे, भूमिहीन मजुराने थोडे द्यावे. पण आजारपणात मिळणारा लाभ सर्वांना गरजेप्रमाणे समान असावा. जमलेल्या निधीतून गावातील आरोग्यसेवकाचे मानधन व औषधे यांची तरतूद होई, आणि सभासद कुटुंबास कस्तुरबा रुग्णालयात उपचार मिळत. अकस्मात येणारे आजारपण आणि आधीपासून माहीत असलेली गोष्ट, जसे मोतीबिंदू वा अंतर्गळ, यांत फरक केला जाई; दुसऱ्या प्रकारात खर्चाचा काही भाग कुटुंबाने सोसावयाचा असे. गावातील बहुसंख्य कुटुंबे सहभागी झाल्याविना ते गाव योजनेत घेतले जात नसे.

या शेवटच्या अटीचे कारण ध्यानी घेतले पाहिजे. केवळ आजारी माणसांच्याच घरांनी वर्गणी दिली तर निधी पुरत नाही. केवळ सधनांनी दिली तर गरीब वगळले जातात. सहकारी पतसंस्थेत ज्याप्रमाणे बचत करणारे व कर्ज घेणारे दोघेही लागतात, त्याप्रमाणे येथे निरोगी व आजारी, सधन व निर्धन, हे सर्व एकत्र यावे लागतात. शिवाय वर्गणी हंगामात घेतली जाते, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात देण्याजोगे काही असते. दान घेणारा प्रश्न विचारीत नाही; वर्गणी देणारा मात्र हिशेब मागतो, आणि त्यामुळे सेवाही सुधारते.

गडचिरोली : बाळाचे वजन करणारी आरोग्यदूत

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. जिल्ह्यातील बहुतेक बाळंतपणे तेव्हा घरीच होत आणि जन्मल्यानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत अनेक बालके दगावत. रुग्णालय दूर, पावसाळ्यात रस्ते बंद, आणि बाळंतिणीला खोलीबाहेर न काढण्याची रीत. अशा स्थितीत आजारी अर्भक डॉक्टरापर्यंत पोहोचतच नसे. तेव्हा उपचारच बाळाच्या घरी नेण्याचे ठरले.

३९ गावांत, गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाचे वजन घेणे, तापमापक लावणे, मिनिटाला किती श्वास चालतात हे मोजणे, बाळाला ऊब देणे, मातेला स्तनपानास साहाय्य करणे, गुदमरलेल्या बाळास श्वास देणे, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास ठरलेले औषध देणे, हे सर्व त्या करू लागल्या. कामापूर्वी, म्हणजे १९९३ ते १९९५ या काळात, त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. कामाच्या तिसऱ्या वर्षी ही संख्या सुमारे २५ वर आली. या अभ्यासाचा वृत्तांत १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ साली भारत सरकारने आशा स्वयंसेविकांमार्फत नवजात बालकाची घरी देखभाल करण्याचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. कळमन्याला माल आणणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी आशा ताई येऊन बाळाचे वजन करते, त्याचे मूळ गडचिरोलीच्या या गावांत आहे.

तिन्ही कार्यांतील समान सूत्र

या तिन्ही ठिकाणची परिस्थिती भिन्न होती, तरी तीन गोष्टी सर्वत्र आढळतात. पहिली, काम करणारी व्यक्ती गावातीलच होती; ती रात्री हाकेला येऊ शकत होती आणि तिच्यावर लोकांचा विश्वास होता. दुसरी, गावाने स्वतः काही दिले; कोठे ज्वारी, कोठे श्रम, कोठे वेळ. तिसरी, मोजमाप ठेवले गेले. जन्म, मृत्यू, वजन व आजार यांची नोंद झाली आणि त्या नोंदीवरून पुढचे काम ठरले.

त्याचबरोबर एक मर्यादाही सांगितली पाहिजे. गावातील सेविका ही रुग्णालयाला पर्याय नाही. अवघड बाळंतपण, सर्पदंश, अपघात, विषबाधा यांसाठी डॉक्टर, रक्त व शस्त्रक्रिया यांची आवश्यकता असतेच. तिन्ही ठिकाणी सेविकेच्या पाठीशी रुग्णालय उभे होते. गावाने आपला भाग उचलावा. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषधे असावीत, हा आग्रहही सोडू नये.

ग्रामसेवकांनी व शेतकरी मंडळांनी काय करावे

आज प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असावी अशी तरतूद आहे. आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व आरोग्यसेविका या तिघी गावात काम करतात. यंत्रणा आहे, तिच्यात गावाचा प्राण ओतावयाचा आहे. त्यासाठी पुढील क्रमाने जावे.

१. नोंद : समितीने एक वही ठेवावी. वर्षातील जन्म, जन्मवजन, मृत्यू व त्याचे कारण, हगवण व तापाचे रोगी यांची नोंद तीत करावी. ती वही दर ग्रामसभेत वाचून दाखवावी. कुटुंबाचे नाव न घेता केवळ संख्या सांगावी, म्हणजे कोणास संकोच होणार नाही.

२. पाणी : पाण्याच्या स्रोताची तपासणी होऊन ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावास कोणते मिळाले व का, हे सर्वांना कळले पाहिजे. जलसुरक्षकाने क्लोरिनची चाचणी केली की नाही, हे मंडळाच्या एका सभासदाने आळीपाळीने पाहावे.

३. नवजात बालक : दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशा स्वयंसेविकेने ३, ७, १४, २१, २८ व ४२ या दिवशी घरी भेट द्यावयाची असते, घरी झाल्यास पहिल्या दिवशीही. जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असल्यास विशेष काळजी घ्यावी. बाळ अंगावर पीत नसेल, अंग थंड वा फार गरम लागत असेल, मिनिटाला ६० वा अधिक श्वास चालत असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

४. हगवण : क्षारसंजीवनीचे पाकीट घरात असावे. ते नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. बालकाचे स्तनपान व आहार बंद करू नये.

५. फवारणी : २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांनी प्राण गमावले. मंडळाने हातमोजे, मुखपट्टी व चष्मे यांचे सामायिक संच ठेवावेत व ते मजुरांनाही द्यावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वा भर दुपारच्या उन्हात फवारणी करू नये. मळमळ, धूसर दिसणे वा घाम सुटणे असे काही झाल्यास काम थांबवावे, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, औषधाचा डबा सोबत घ्यावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

६. आकस्मिक निधी : माल विकून पैसा हाती येतो त्या काळात प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे वर्गणी द्यावी. रात्री रोग्यास नेण्याचे वाहन व रुग्णालयातील पहिल्या दिवसाचा खर्च एवढाच त्याचा हेतू प्रारंभी ठेवावा. जमा-खर्च फलकावर लिहावा. जे घर देऊ शकत नाही त्यास वगळू नये.

ही सर्व कामे एकाच वर्षी हाती घेणे इष्ट नाही. ज्या गावात काहीच झालेले नाही तेथे पहिल्या वर्षी वही व पाणी या दोन गोष्टी पुरेत. वहीतील आकडे गावासमोर आले म्हणजे पुढचे काम कोणते, हे गाव स्वतःच सांगेल. आणि गावाने स्वतः सांगितलेले काम ग्रामसेवकाची बदली झाल्यावरही चालू राहते.