यायलाय, यायलाय! : हातात उमटणारा फोटो आणि आमचा चौथीचा वर्ग



आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आज किती फोटो आहेत? माझ्यात परवा मोजले तर सहा हजारांच्या वर निघाले. त्यातले निम्मे शाळेचे. वृक्षारोपण झालं, फोटो पाठवा. पोषण आहार शिजला, फोटो पाठवा. हात धुवा दिवस, फोटो पाठवा. शिक्षक असाल तर हे सांगायला नको. पण या हजारो फोटोंमधला एक तरी फोटो त्या फोटोतल्या लेकराच्या हातात गेला का? माझ्या बाबतीत तरी उत्तर ‘नाही’ असंच होतं.

म्हणून आज एका जुन्या आणि पुन्हा नव्याने आलेल्या वस्तूबद्दल लिहिते. बटण दाबलं की पोटातून फोटो बाहेर काढणारा कॅमेरा. आपल्याकडे त्याला सरसकट ‘पोलरॉइड’ म्हणतात, कंपनी कुठलीही असो. जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसं.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गेल्या वर्षी पाडव्याला लातूरला आला तेव्हा त्याच्या गळ्यात हा कॅमेरा होता. खेळण्यासारखा दिसणारा, निळा. म्हणाला, ‘मावशी, घेऊन जा तुझ्या शाळेत, पोरं खूश होतील.’ मला आधी हसू आलं. हातात एवढा भारी मोबाइल असताना हे खूळ कशाला? दहा फोटोंचं पाकीट मला साडेसहाशेला पडलं, म्हणजे एक फोटो पासष्ट रुपयांना! आमच्या नांदेडला तहसीलबाहेर एवढ्या पैशात पासपोर्टचे आठ फोटो मिळतात.

पण या खुळाचा इतिहास वाचला आणि मत बदललं. तो आधी सांगते, कारण वर्गात सांगायला फार छान गोष्ट आहे.

१९४३ साल. एडविन लँड नावाचे अमेरिकन संशोधक कुटुंबाबरोबर सांता फे या गावी सुट्टीला गेले होते. त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा, जेनिफरचा फोटो काढला. तिने विचारलं, फोटो आत्ता का दिसत नाही? आपल्यापैकी बहुतेकांनी ‘धुवायला द्यावा लागतो गं’ म्हणून विषय संपवला असता. लँड मात्र फिरायला बाहेर पडले आणि तासाभरात या कॅमेऱ्याची रूपरेषा त्यांच्या डोक्यात तयार झाली. (आपल्या वर्गात असे प्रश्न रोज येतात. आपण किती वेळा फिरायला बाहेर पडतो?) डोक्यातली गोष्ट हातात यायला पुढे चार वर्षं गेली. फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी स्वतःचाच फोटो काढून तिथल्या तिथे दाखवला. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या एका मोठ्या दुकानात पहिले कॅमेरे विक्रीला आले, किंमत ८९.७५ डॉलर, आणि पहिल्याच दिवशी सगळे संपले. तेव्हाचा फोटो तपकिरी असायचा आणि मिनिटभर थांबून वरचा कागद सोलून काढावा लागायचा. रंगीत फिल्म आली १९६३ मध्ये. आज आपण ओळखतो तो, काहीही न सोलता आपोआप उमटणारा फोटो आला १९७२ मध्ये, एसएक्स-७० या कॅमेऱ्यातून. कोडॅकसारख्या बलाढ्य कंपनीनेही १९७६ मध्ये असा कॅमेरा काढून पाहिला. पेटंटच्या खटल्यात हरल्यावर १९८६ मध्ये त्यांना तो धंदा बंद करावा लागला आणि १९९१ मध्ये भरपाई म्हणून ९२.५ कोटी डॉलर मोजावे लागले.

पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि २००८ मध्ये पोलरॉइडने ही फिल्म बनवणंच थांबवलं. नेदरलँड्समधल्या एन्सखेडे गावचा कारखाना बंद होत असताना तिथल्याच काही जुन्या माणसांनी आणि काही वेड्यांनी मिळून यंत्रं विकत घेतली. उपक्रमाचं नाव ठेवलं ‘इम्पॉसिबल’, म्हणजे अशक्य! यंत्रं होती, पण लागणारी रसायनं मिळेनाशी झाली होती. सगळं पुन्हा शोधावं लागलं. २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म आली. आज पोलरॉइडच्या नावाने मिळते ती फिल्म त्याच धडपडीतून आलेली आहे.

दुसरीकडे जपानच्या फूजीफिल्मने १९९८ पासून इन्स्टॅक्स नावाचे छोटे कॅमेरे आणले होते. २००४ च्या सुमारास त्यांचा खप वर्षाला लाखभरावर घसरला होता. तोच २०१८-१९ या एका वर्षात एक कोटीवर गेला. घेणारे कोण? जन्मापासून मोबाइल पाहिलेली पोरं-पोरी. माझ्या भाच्यासारखी. याला नुसती फॅशन म्हणून सोडून देता येत नाही. ज्याची कधी टंचाईच नव्हती अशा फोटोला या मुलांनी स्वतःहून टंचाई लावून घेतली आहे. पाकिटात दहा म्हणजे दहाच. आणि निगेटिव्ह नाही, त्यामुळे प्रत्येक फोटो एकुलता एक.

खरं तर लगेच मिळणाऱ्या फोटोची हौस आपल्याकडे जुनीच आहे. मिनिट कॅमेरा ऐकलाय? लाकडी पेटी, खाली तीन पायांचा स्टँड, पुढे भिंग आणि बाजूला काळ्या कापडाची बाही. फोटोग्राफर त्या बाहीतून हात घालून पेटीच्या आतच कागद धुवायचा. आधी कागदावर निगेटिव्ह, मग तीच समोरच्या फळीवर टाचून तिचा पुन्हा फोटो, की झाला सुलटा! जयपूरला हवामहलसमोर ही पेटी अगदी अलीकडेपर्यंत उभी असायची. मुंबईला गेट वे ऑफ इंडियाजवळचे फोटोग्राफर पूर्वी पत्ता लिहून घेऊन फोटो पोस्टाने पाठवायचे, आता पिशवीतल्या छोट्या प्रिंटरवर दोन-चार मिनिटांत हातात देतात. आमच्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत ताजमहालाच्या पडद्यापुढे काढलेला माझ्या वडिलांचा तरुणपणीचा फोटो अजून घरी आहे. मागे ताजमहाल, पायात चिखल.

आता वर्गाकडे येते.

पहिला प्रयोग साफ फसला, आणि चूक पूर्ण माझी. एप्रिल महिना. फिल्मचं पाकीट मी स्कूटीच्या डिक्कीत ठेवलं आणि स्कूटी दुपारपर्यंत उन्हात. या फिल्मचं गणित साधारण ५ ते ४० अंशांचं आहे. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात डिक्की आणि वर पत्र्याचा वर्ग. दहाच्या दहा फोटो फिकट, पिवळट-लालसर. साडेसहाशे रुपये पाण्यात. मुलं मात्र त्यातल्या भुतांवर खूश होती!

पण त्या दिवशी वर्गाने एक गोष्ट पाहिली. फोटो बाहेर आला तेव्हा कोरा होता. एकजण म्हणाला, ‘मॅडम, पांढराच आलाय की.’ मग हळूच कडा दिसायला लागल्या आणि अख्खा वर्ग ओरडला, ‘यायलाय, यायलाय!’ पंचेचाळीस मिनिटांच्या तासात मुलांचे डोळे एका जागी दोन मिनिटं टिकवणं किती अवघड असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

मग प्रश्न आलाच. हे होतं कसं?

यासाठी स्वयंपाकघरातली हळद कामाला आली. कागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यावर चुन्याची निवळी टाका, लाल होतो. वर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. चुना अल्कली, लिंबू आम्ल. पोलरॉइडच्या फिल्ममध्ये असाच खेळ आहे. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाच्या लगद्याची छोटी पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून पिळला जातो, पुडी फुटते आणि लगदा सगळीकडे सारखा पसरतो. तो अल्कलीयुक्त असतो. त्यातला एक रंग अल्कलीत गडद होतो आणि पडद्यासारखा वरून झाकून टाकतो, म्हणजे बाहेरचा उजेड आत जाऊन फोटो बिघडत नाही. पडद्याआड खालच्या थरांतले पिवळा, किरमिजी आणि निळसर हे रंग वर सरकतात. जिथे प्रकाश पडला होता तिथले अडकून राहतात, जिथे नाही पडला तिथले वर येतात. शेवटी एक आम्लाचा थर ‘लिंबू पिळतो’, पडदा पारदर्शक होतो आणि चित्र दिसतं. माझ्याजवळच्या फूजीच्या फिल्ममध्ये हा पडदा नसतो. तिथे प्रकाश मागच्या बाजूने पडतो, चित्र पुढच्या बाजूला दिसतं आणि मधले थर उजेड अडवतात. पण पुडी, रूळ आणि रंगांचं सरकणं तसंच. चौथीला एवढं पुरे. सातवी-आठवीच्या शिक्षकांनी दर्शकाच्या पाठाला हे जोडून पाहावं.

आणि हो, फोटो हातात घेऊन हलवायचा नाही. सिनेमात हलवतात म्हणून मुलंही हलवतात. त्याने वाळत-बिळत काही नाही, उलट थर सरकून डाग पडू शकतो.

दुसरं पाकीट मी ऑक्टोबरात आणलं. यामागे कारण होतं. आमच्या शाळेत जवळच्या तांड्यावरची मुलं येतात. दसरा झाला की उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. काही लेकरं आई-बापाबरोबर जातात, काही आजीजवळ थांबतात. माझ्या वर्गातल्या एकोणीसपैकी सात जण थांबणार होते. पाच-सहा महिने आईचा चेहरा बघायचा तो मोबाइलवर, आणि मोबाइल घरात एकच, तो बापाबरोबर कारखान्यावर. आजीकडे बटणाचा फोन.

इथे मला माझी मावसआजी आठवते. ती किल्लारीजवळच्या गावची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात तिचा मुलगा गेला. मी तेव्हा पाच वर्षांची. त्याचा एकच फोटो होता, तोही ढिगाऱ्यात गेला. म्हातारी शेवटपर्यंत आम्हाला त्याचं नाक कसं होतं ते सांगायची, आणि दर वेळी थोडं वेगळं सांगायची.

तर दहा फोटो आणि एकोणीस मुलं. मी ठरवलं नाही, वर्गालाच विचारलं. भरपूर भांडण झालं. एक म्हणाली चिठ्ठ्या टाका. दुसऱ्याचं म्हणणं, हजेरीप्रमाणे घ्या (त्याचा नंबर दुसरा!). शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, ‘ज्यांची आई जायलीय त्यांचे आधी काढा.’ कुणी काही बोललं नाही. सात ठरले. फोटोत आई आणि लेकरू दोघं. फोटो कुणाकडे राहणार, हे त्या दोघांनी ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी आया आल्या. सामानाची बांधाबांध सोडून आल्या होत्या. त्यातला चौथा फोटो बिघडला. लेकरू हौसेने कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आलं, मीही मागे सरकले नाही, आणि फ्लॅशने दोघांचे चेहरे पांढरेफटक. या कॅमेऱ्याला किमान दोन फूट अंतर लागतं, हे मला माहीत होतं तरी घाईत विसरले. आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, ‘येतंय का अजून?’ काय सांगू? उरलेल्या तिनांतला एक त्यांना द्यायचा का, हे विचारायला मी वर्गाकडे वळले, तर मुलांनी माझ्याआधी त्यांना परत उभं केलं होतं. शेवटचे दोन: एक सगळ्या वर्गाचा, एक पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या ताईंचा. ताईंनी पदर सारखा करायला तीन मिनिटं घेतली.

सातपैकी पाच फोटो आया घेऊन गेल्या. मला वाटलं होतं मुलं ठेवून घेतील. मुलांनीच दिले.

कॅमेरा घ्याच असं मी मुळीच म्हणत नाही. पासष्ट रुपये ही आपल्या मुलांसाठी मोठी रक्कम आहे आणि हे सगळं माझ्या खिशातून झालं, तेही दोनदाच. मोबाइलमधला एक चांगला फोटो निवडून स्टुडिओतून दहा-पंधरा रुपयांत प्रिंट काढून दिली तरी लेकराच्या हातात फोटो जातोच. फक्त ‘यायलाय’ची मजा नाही. घेतलाच तर फिल्म फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको, आणि वापरण्याआधी तासभर बाहेर काढा. पाकिटावरची तारीख बघून घ्या. पालकांना एक विनंती, असा फोटो घरी आला की लगेच त्याचा मोबाइलवर फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. तो त्या लेकराचा आहे, त्याला विचारा.

यंदा मार्चमध्ये टोळ्या परतल्या तेव्हा एक आई शाळेत आली. आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटातून तिने फोटो काढून दाखवला. कोपीच्या दाराशी टांगून ठेवला होता म्हणे, रोज ऊन लागून एक बाजू फिकी झालेली. तिच्या पोराने नीट निरखून विचारलं, ‘मॅडम, ह्याच्यावर कुणी लिंबू पिळलं का?’ मी सांगितलं, हे उन्हाचं काम, लिंबाचं नाही. मग उन्हात वाळत घातलेल्या रंगीत साडीचं उदाहरण दिलं, ते त्याला पटलं. फोटो आता वहीत आहे, दारावर नाही.

दसरा जवळ आलाय. यंदा दोन पाकिटं आणली आहेत. फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेशेजारी ठेवली आहेत आणि सासूबाईंना सांगून ठेवलंय, ते अमूल बटर नाही.