सोलर घेताय? आधी जुलैचा हिशेब मागा

उत्तनजवळच्या डोंगरीला मामांच्या वाडीतल्या खोलीत विजेचा मीटर नाही, म्हणून सोलर बसवलं. विक्रेत्याने १६५ वॅटचं एक पॅनेल आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर लेड-अ‍ॅसिड बॅटरी असं ‘पॅकेज’ दिलं. एप्रिल-मेमध्ये पंखा रात्रभर फिरला, सगळे खूश. जून उलटला आणि इन्व्हर्टर मध्यरात्री पीं पीं करून बंद पडू लागला. दिवाळीच्या आत बॅटरीने मान टाकली.

बॅटरी खराब नव्हती, ती उपाशी होती. एवढ्या बॅटरीला चार्जिंगसाठी साधारण १५ अँपिअर लागतात. ते पॅनेल भर उन्हात ९-१० देतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात निम्म्यावर येतं. अर्धवट चार्ज राहिलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं, मग ती पुन्हा पूर्ण भरतच नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी कागद-पेन घ्या. कमी वीज खाणारा ३० वॅटचा बीएलडीसी पंखा दहा तास म्हणजे ३०० वॅट-तास. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास म्हणजे १३५. मोबाइल धरून पावणेपाचशेच्या आसपास. साधा पंखा ७५ वॅट खातो, तेव्हा आधी पंखा बदला. पॅनेल वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. एवढ्या वापराला मी ३३० वॅटच्या खाली जाणार नाही. मोठं एकच पॅनेल घेतलंत तर चार्ज कंट्रोलर एमपीपीटीच हवा. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर ३५-३७ व्होल्टचं पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीपर्यंत खाली ओढतो आणि निम्म्याहून जास्त वीज वाया जाते. लेड-अ‍ॅसिड बॅटरीची वापरण्याजोगी क्षमता निम्मीच धरा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण ऐंशी टक्के वापरता येते.

आणि खारा वारा! उत्तनच्या बाजूला साधे लोखंडी बोल्ट बघता बघता गंजतात. स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड आणि नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३१६ ग्रेडचे मागा. १७ मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या किनाऱ्यावर वारा ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. स्टँड पत्र्याला नाही, वाशाला नाहीतर स्लॅबला धरून बसवा. तोंड दक्षिणेला, उतार साधारण वीस अंश. वर माडाची झावळी नको, एका कोपऱ्यावर सावली पडली तरी पॅनेलची बरीच वीज जाते. जवळ बोंबील सुकत असतील तर कावळे येणारच. त्यांच्या विष्ठेचे शिंतोडे दर आठवड्याला सकाळी, काच गार असताना पुसा.

‘सबसिडी मिळेल’ या बोलण्यावर विसंबू नका. फेब्रुवारी २०२४ ची पीएम सूर्यघर योजना महावितरण किंवा अदानीसारख्या कंपनीचा मीटर असलेल्या घरांसाठी आहे, बॅटरीवरच्या अशा खोलीसाठी नाही.

विक्रेत्याला एकच विचारा: जुलैत रोज किती वॅट-तास मिळतील? आकडा सहीनिशी लिहून देत नसेल, तर आगाऊ रक्कम देऊ नका.