दारूकामाच्या रात्रीनंतर मांजरी का भांडू लागल्या?

प्रश्न : आमच्या दोन मांजरी अनेक वर्षे एकत्र आहेत. गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामाच्या रात्रीपासून एक मांजर दुसरीवर तुटून पडते. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या वेळेवरून हे वैर नसून वाट चुकलेली भीती असावी. स्फोटांनी बिथरलेल्या मांजरीला आवाजाचा उगम गाठता येत नाही. मग जवळची सोबतीणच तिच्या तावडीत सापडते. पुढे ती नुसती दिसली तरी भीती पुन्हा जागी होते. म्हणूनच ‘आपापसात मिटवतील’ हा सल्ला इथे चालत नाही, कारण प्रत्येक झटापटीने भीती पक्की होते. रागावण्या-मारण्यानेही तेच होते. भांडणात हात घालू नका, मध्ये पुठ्ठा धरा. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच डॉक्टरांकडे जा.

आज दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा. दोघींना पशुवैद्यांना दाखवा. दातदुखी, सांधेदुखीही अशा चिडीमागे असू शकते. वेगळ्या ठेवल्या तर त्या एकमेकींना विसरतील, ही शंका रास्त आहे. पण मांजर ओळख मुख्यतः वासाने ठेवते. त्यामुळे अंथरुणांची रोज अदलाबदल करा, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण द्या. दोघी शांतपणे खाऊ लागल्या की मगच जाळीआडून थोडा वेळ भेट घडवा. कुणी फिस्कारली तर एक पायरी मागे या. यात आठवडे जातील, पण घाईने केलेली भेट सगळी मेहनत वाया घालवते.