एडिसनच्या बागेतला वड

तुळजापूरच्या आसपास वडाचे पान तोडले, की देठातून पांढरा चीक निघतो. या चिकामुळेच आपल्या देशातला वड थॉमस एडिसनच्या बागेत पोहोचला!

एडिसन न्यू जर्सीत राहत असे. तिथल्या कडक थंडीपासून सुटका म्हणून त्याने १८८५ मध्ये फ्लोरिडातील फोर्ट मायर्स येथे जागा घेतली. १९१६ मध्ये मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड शेजारी आला. मोटारीला टायर हवेत, टायरला रबर. आणि रबर येई दूर आशियातील मळ्यांतून. युद्धात ते बंद झाले तर? म्हणून १९२७ मध्ये एडिसन, फोर्ड आणि टायर बनवणारा फायरस्टोन यांनी रबर देणाऱ्या वनस्पतींचा शोध सुरू केला.

सुमारे १७,००० नमुने तपासले गेले. वडातून पुरेसे रबर मिळेना. अखेर गोल्डनरॉड हे सूर्यफुलाच्या कुळातले झाड निवडले गेले. निवड व संकर करून त्यातील रबराचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर नेले. १९३१ मध्ये एडिसन वारला. त्या रबराचा व्यापारी धंदा काही उभा राहिला नाही. आज ती घरे व बाग लोकांना पाहण्यासाठी खुली आहेत. पारंब्या टेकून पसरलेला तो वडही तिथे आहे.

तुम्हीही एक नमुना तपासा. वडाचा चीक काचेवर वाळवा. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका. वाळलेला थर सोलून हलकेच ताणा व सोडा. रबरबँडसारखी मूळ लांबी परत येते का? या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. जे दिसेल, ते वहीत नोंदवा. उत्तर ‘नाही’ आले, तरी नोंदवा. एडिसनच्या हजारो नमुन्यांचे उत्तर तेच होते.